पाय मोजण्याचे सात दिवस

ही गोष्ट आजवर एकाही माणसाला पटलेली नाही. एका सज्जन गृहस्थांनी तर निम्म्यातच चपला घातल्या आणि वाटेला लागले. तेव्हा तुम्हीही विश्वास ठेवू नका. नुसतं ऐका. बाकावर बसलेलाच आहात, नंबर यायला अवकाश आहे, आणि कान काही भाड्यानं आणलेले नाहीत.

असंच एक हॉस्पिटल होतं. हे नव्हे. अगदी याच्यासारखं, असाच व्हरांडा, असेच बाक, पण हे नव्हे. त्या हॉस्पिटलच्या चादरी नदीपलीकडची एक धोबीण धुवायची. पलीकडे चाळीस घरं, अलीकडे बाकी सगळं: बाजार, शाळा, नगरपालिका, हॉस्पिटल. मध्ये लोखंडी पायपूल, वर लाकडी फळ्या. पूल एवढा अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं कठड्याला पाठ लावून पोट आत घ्यायचं. मोठ्या रस्त्याचा पूलही होता, पण त्यावरून यायचं तर चार किलोमीटरचा वळसा.

धोबिणीचा दिवस पुलावर बेतलेला होता. सकाळी साडेआठच्या आत इस्तरीच्या चादरी वॉर्डात पोचल्या पाहिजेत, कारण नऊला डॉक्टर फिरतात आणि त्याआधी खाटा लागल्या पाहिजेत. परत जाताना मळक्या चादरींचं गाठोडं. रक्ताचे डाग आधी गार पाण्यात, कारण गरम पाणी लागलं की डाग मुक्कामालाच येतो. मग सोडा, मग उकळी, मग दगड, मग दोरी. नवरा इस्तरी करायचा. तीस वर्षं एका बाजूला वाकून वाकून तो आता उभा राहिला तरी कुणाचं तरी गुपित ऐकत असल्यासारखा दिसायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू. दोन वर्षं खाटेवर होती आणि तोंड सोडून तिचं काहीच चालत नव्हतं. तोंड मात्र दोघांच्या वाटचं चालायचं.

एके दिवशी नगरपालिकेनं पुलाच्या खांबाला कागद चिकटवला. वस्तीतल्या न्हाव्यानं तो मोठ्यानं वाचला, कारण चष्मा त्याच्याकडेच होता. या वर्षी निधी एकाच कामापुरता आहे. एक तर पायपुलाची दुरुस्ती, नाही तर नगरपालिकेसमोर कारंजं. निर्णय मोजणीवर होईल. सात दिवस पुलावरची ये-जा मोजली जाईल. दिवसाची सरासरी पाचशे भरली तर पूल दुरुस्त होईल. नाही भरली तर पूल पाडून लोखंड विकलं जाईल आणि कारंजं होईल.

धोबिणीच्या डोक्यावर गाठोडं होतं, ते तिनं खाली ठेवलंच नाही. ठेवायचं असतं हेच ती विसरली.

"पाडणार म्हणजे?" ती म्हणाली.

"म्हणजे पाडणार. आणि मग तुमच्या चादरी, वहिनी, कारंज्यात धुवा."

"थट्टा नको, भावोजी. मला साडेआठला वॉर्डात पोचायचं असतं. वळशानं गेले तर दहा वाजतील. सिस्टर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई बघतील."

न्हावी हसला नाही. त्यानं दुकानाच्या खुर्चीत बसून एक अख्खा दिवस पूल मोजला. गिऱ्हाइकाच्या गालावर साबण वाळून गेला तरी मोजत राहिला. आकडा भरला एकशे अडतीस, आणि त्यात दोन कुत्री होती.

चाळीस घरं तोंडं पाडून बसली. मग न्हाव्यानं कागद परत वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "यात माणसं मोजू असं कुठं म्हटलंय? ये-जा मोजणार म्हणतायत. एकच माणूस दहादा आला-गेला तर वीस झाले की नाही?"

"लबाडी झाली ही," धोबिणीचा नवरा म्हणाला.

"चालणं लबाडी कधीपासून झालं?"

आणि इथून ती वस्ती चालायला लागली.

मोजणीदार पहिल्या दिवशी सकाळी सातला आला. वाळलेला माणूस, एक स्टूल, एक काळी छत्री आणि हातात आकडे फिरवणारं चिमुकलं यंत्र. अंगठा दाबला की टक्. त्याची मान आखडलेली असायची, त्यामुळे तो बघायचा फक्त पायांकडे. धोबीण तिसऱ्यांदा समोरून गेली तेव्हा तिनं पदर तोंडावर ओढला. टक्. पाचव्या खेपेला तिला राहवेना.

"साहेब, मघाशी पण मीच होते."

"असाल."

"तुम्ही तोंड नाही बघत?"

"माझ्याकडे पाय दिलेत. वरचा भाग माझ्याकडे नाही."

हे ऐकल्यावर वस्तीला पंखच फुटले. पण धोबिणीचा पहिला दिवस फार वाईट गेला. बाकीचे नुसते चालत होते, तिला गाठोड्यासकट चालावं लागत होतं, कारण न्हाव्याचं म्हणणं पडलं की रिकामी धोबीण संशयास्पद दिसते. एकाच गाठोड्यानं तिनं बावीस खेपा केल्या. धुतलेल्या चादरी संध्याकाळपर्यंत न धुतलेल्या झाल्या. मान आत गेली, टाळूवर हात ठेवला तर आग. नवऱ्यानं तिचे पाय टोपलीतल्या भांड्यांसारखे उलटेसुलटे करून बघितले आणि सोड्याच्या पाण्यात बुडवले.

"किती भरले?" सासूनं खाटेवरून विचारलं.

"तीनशे दहा."

"आणि पाहिजेत पाचशे." सासूनं छताकडे बघून हिशेब केला. "माझी काठी कुठंय?"

"आई, तुम्हाला उठवत नाही."

"इतके दिवस उठायला कारण कुठं होतं? चहा तर तू इथंच आणून देतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी उभी राहिली. धोबीण हातातलं भांडं धरून नुसती बघत राहिली. उकळी उतू गेली तरी भान नव्हतं. दोन वर्षं कुशीवर वळवायला दोन माणसं लागत होती ती बाई काठी टेकत पुलावर गेली, मोजणीदारासमोर थांबली आणि म्हणाली, "का रे, मेलेला माणूस मोजतोस का?"

"पाय जमिनीला लागले तर," तो म्हणाला.

"मग आत्ताच मोज. नंतर लागायचे नाहीत." टक्.

त्या दिवशी तिनं एकसष्ट वेळा पूल ओलांडला. मोजणीदाराच्या वहीत त्याची नोंद नाही, कारण वहीत फक्त आकडे होते. पण वस्तीनं मोजलं. दुपारी तिला खुर्ची दिली तर म्हणाली, बसले की परत लागतील दोन वर्षं.

मग काय, चढाओढच लागली. आजारी माणसं औषध घ्यायला अलीकडे आणि पाणी प्यायला पलीकडे. ज्या दोन जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या त्या रोज भांडायला पुलाच्या मध्यावर भेटू लागल्या, आणि भांडण संपलं की दोघी चुकीच्या बाजूला उतरायच्या, म्हणजे परत यावं लागे. न्हाव्यानं दुकानच दोन ठिकाणी मांडलं: साबण लावायचा पलीकडे, वस्तरा चालवायचा अलीकडे. गिऱ्हाईक पांढरा गाल घेऊन पुलावरून चालत यायचं. चौथ्या दिवशी आकडा अकराशेच्या वर गेला.

आणि चौथ्याच दिवशी धोबिणीला हॉस्पिटलात उभं केलं गेलं. मोठ्या सिस्टरनी गाठोडं सोडून एकेक चादर उजेडाला धरली. तिसऱ्या चादरीवर तपकिरी डाग होता, हाताच्या पंजाएवढा. गार पाण्याला वेळच मिळाला नव्हता. घाईत थेट उकळीत गेली होती.

"हे काय आहे?"

"रक्त आहे, सिस्टर."

"ते मला दिसतंय. ही धुतलेली आहे का, एवढंच विचारते."

रांगेतले पेशंट बघत होते. एका वॉर्डबॉयनं तोंडावर हात ठेवला. धोबिणीनं आठ वर्षांत एक डाग जाऊ दिला नव्हता. सिस्टरनी चादर घडी घातली नाही. गोळा करून तिच्या हातात कोंबली. "काम पेलत नसेल तर सांग. नदीच्या अलीकडे पण बायका आहेत."

ती पुलावर आली तेव्हा डोळ्यांसमोर अंधुक दिसत होतं. तरी सवयीनं पाय पडत होते. टक्, ऐकू आलं. या पुलासाठीच चाललंय सगळं, तिनं स्वतःला बजावलं. तीन दिवस राहिलेत. मग रात्रंदिवस धुवेन.

पाचव्या दिवशी दुपारी ती मध्यावर असताना पायाखाली काहीतरी सुटलं. आवाज फारसा नव्हता. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा, आणि मग खाली पाण्यात टुप्. ती थांबली. वाकून बघितलं तर फळी धरणारा बोल्ट जागेवर नव्हता. त्या जागी एक गंजकं भोक, आणि भोकातून पाणी दिसत होतं. मागून माणसं येत होती, पुढून येत होती, पूल हलत होता. पूल हलतो हे तिला आजच कळलं. आजवर तो तिच्या एकटीच्या वजनाला कधी हललाच नव्हता.

ती तडक न्हाव्याकडे गेली.

"भावोजी, बास करा आता. बोल्ट पडला."

न्हावी एका गालावर वस्तरा टेकवून उभा होता. "हिशेब झालाय वहिनी. उद्यापासून कुणीच चाललं नाही तरी सरासरी पाचशेच्या वर बसते."

"मग थांबवा ना."

"थांबवू कसं? एका दिवशी तेराशे आणि दुसऱ्या दिवशी एकशे अडतीस? पाय बघणाऱ्याला पण कळेल. सगळी मोजणी रद्द करतील."

"म्हणजे आता थांबता पण येत नाही?"

गिऱ्हाइकानं आरशातून दोघांकडे बघितलं. न्हाव्यानं वस्तरा पुसला आणि हळू आवाजात म्हणाला, "उलट थोडं वाढवायला पाहिजे. खरं वाढतंय असं वाटलं पाहिजे."

सहाव्या दिवशी फळीच तिरकी झाली. धोबिणीनं ती डाग राहिलेली चादर फाडली आणि पट्टीनं फळी कठड्याला बांधली. आठ गाठी मारल्या. कुणाला सांगितलं नाही. सातव्या दिवशी तर वस्तीला आवरच राहिला नाही. लेकी माहेरी बोलावल्या होत्या, जावई आले, जावयांचे मित्र आले. आकडा बावीसशे चार. मोजणीदारानं छत्री मिटली, सुजलेला अंगठा कपड्यात गुंडाळला आणि निघताना पहिल्यांदाच मान वर करून पुलाकडे बघितलं.

"फार पाय आहेत तुमच्या वस्तीला," तो म्हणाला.

सभा दुसऱ्या दिवशी दुपारी होती. नगरपालिकेच्या सभागृहात पंखे होते, पण ते सभासदांच्या डोक्यावर; वस्ती मागच्या भिंतीशी दाटीवाटीनं उभी. धोबिणीनं स्वच्छ कपडे घातले होते. न्हाव्यानं सकाळी सगळ्यांच्या दाढ्या केल्या होत्या. मधल्या खुर्चीत अध्यक्षबाई, शेजारी इंजिनिअर, त्याच्यासमोर मोजणीदाराची वही.

"सरासरी अकराशे बारा," इंजिनिअरनं वाचलं.

मागून टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनी हात वर केला. इंजिनिअर पुढं वाचू लागला, आणि त्याचा आवाज अगदी साधा होता, भाजीची यादी वाचतात तसा. "सदर पूल तुरळक वापरासाठी आहे. पाचशेपर्यंत वापर असल्यास दुरुस्ती अनावश्यक. पाचशे ते सहाशे असल्यास दुरुस्ती योग्य. सहाशेच्या वर असल्यास पूल धोकादायक समजावा. इथं वापर जवळपास दुप्पट आहे. प्रत्यक्ष पाहणीत बोल्ट निखळलेले आढळले. एक फळी चादरीनं बांधलेली आढळली. म्हणून पूल उद्या सकाळपासून बंद करावा. एवढ्या वर्दळीला नवा मोठा पूल लागेल. तो आपल्या निधीत बसत नाही. प्रस्ताव वर पाठवू. तोपर्यंत यंदाचा निधी कारंज्याकडे वळवावा."

टाळ्या वाजवणारे हात तसेच जोडलेले राहिले. धोबिणीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं, तो वाकून तिच्याकडेच बघत होता. न्हावी ओठ हलवून आकडेमोड करत होता. पाचशे ते सहाशे. शंभराची जागा होती. त्या शंभरात बसायचं होतं, आणि ते हजारावर जाऊन बसले होते.

मग तिला कळलं की बोलणारी आपणच आहोत. "आकडा खोटा आहे, साहेब."

सगळ्या माना वळल्या. तिची जीभ थांबेना. "आम्ही चाळीस घरंच आहोत. मुद्दाम चाललो. परत परत. मी एकटीनं दिवसाला चाळीस खेपा केल्या. माझी सासू चालली. तेवढी माणसं नाहीत हो पुलावर. पूल माझ्या एका गाठोड्याला पुरतो."

मोजणीदार पटकन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला होता. "बाई, मी एकही आकडा खोटा मारलेला नाही. पाय खरे होते."

"पाय खरे होते," ती म्हणाली. "जायचं कुठं नव्हतं."

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच वाईट होतं. "हे बघा. तुमचं म्हणणं लिहून घेतलं तर मोजणी रद्द होते. मोजणी रद्द झाली तर पाचशे भरले नाहीत असं होतं, आणि पूल पाडायचा ठरतो. लिहून घेतलं नाही तर पूल बंद. दोन्हींपैकी कुठलं लिहू, तुम्हीच सांगा."

धोबिणीनं मागं बघितलं. चाळीस घरांतली एकही नजर तिच्या नजरेला भिडली नाही.

"पूल उघडा राहील असं काही आहे का तुमच्याकडे?" तिनं विचारलं.

अध्यक्षबाईंनी खरोखरच कागद उलटून बघितले. एक, दोन, तीन पानं. चष्मा लावून पुन्हा. पंखा फिरत होता.

"नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोबीण नेहमीच्या वेळेला निघाली. चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या, सासूनं खाटेवर बसून घड्या घातल्या होत्या. पुलाच्या तोंडाशी नगरपालिकेची चार माणसं पत्रे आणि हातोडे घेऊन उभी होती.

"आजचा दिवस जाऊ द्या," ती म्हणाली. "एवढ्या टाकून येते."

मुकादम जमिनीकडे बघत होता. "ताई, गेलात तर येणार कशा? मला आता बंद करायला सांगितलंय."

"आठ वाजलेत. साडेआठला खाटा लागायच्यात."

"ताई, तुम्ही पडलात तर माझी नोकरी जाईल."

"आणि नाही गेले तर माझी."

पहिला पत्रा उभा करून त्याच्या दोघा माणसांनी धरलेला, तिसऱ्याच्या तोंडात खिळे.

आणि आता ऐका, मंडळी, खरी गंमत इथं आहे. तेवढ्यात अलीकडून कोण धावत आलं असेल? अध्यक्षबाई. रात्रभर त्यांना झोप नव्हती. मागून इंजिनिअर, त्याच्यामागं मोजणीदार. बाईंनी पत्रा धरणाऱ्यांचे हात बाजूला केले, कारंज्याचा कागद सगळ्यांसमोर टराटरा फाडला आणि नदीत सोडला. इंजिनिअरनं स्वतःच्या डोक्यावर गाठोडं घेतलं, आणि तो साहेब माणूस चादरी घेऊन पुलावरून असा चालला, असा चालला की मोजणीदाराचा अंगठा आपोआप टक् टक् करायला लागला. आठ दिवसांत पूल नवा झाला. नवे बोल्ट, नव्या फळ्या, वर हिरवा रंग. त्या धोबिणीच्या चादरी आजही साडेआठच्या ठोक्याला पोचतात, आणि मोठ्या सिस्टर तिला स्वतः चहा...

"खोटं."

बाकावरची माणसं वळली. पायऱ्यांवर एक बाई उभी होती. डोक्यावर पांढरं गाठोडं, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले, श्वास अजून खाली बसलेला नव्हता. तिनं एका हातानं खांब धरला होता.

"कुणी धावत आलं नाही," ती म्हणाली. "माझ्यासमोर पत्रे ठोकले. मी आत्ता मोठ्या रस्त्यानं आले."